डेसिबालस : शत्रूंच्या नोंदींतून उरलेला राजा



युरोपच्या नकाशावर डॅन्यूब नदीवर बोट ठेवून पूर्वेकडे सरकत जा. सर्बिया आणि रुमानिया या दोन देशांच्या मधून वाहताना ही नदी एका अरुंद घळीत शिरते. या घळीला ‘लोखंडी दरवाजे’ असे म्हणतात. पूर्वी येथे पाण्याला इतका जोर आणि पात्रात इतके खडक असत की नावाडी जीव मुठीत धरून जात. 1972 साली येथे मोठे धरण पुरे झाले. तेव्हापासून नदी खवळत नाही. ती मागे दूरवर पसरून एक लांबच लांब तलावच झाली आहे.

या तलावाच्या काठी रुमानियाच्या बाजूला कड्यात एक प्रचंड चेहरा कोरलेला आहे. दाढीमिशा, खोल डोळे, उंची चाळीस मीटरहून जास्त! 1994 ते 2004 अशी दहा वर्षे शिल्पकार दोरांना लोंबकळत हे काम करीत होते. हा चेहरा डेसिबालस या राजाचा. चेहऱ्याखाली त्याचे नाव लॅटिन भाषेत कोरले आहे, म्हणजे ज्या रोमन लोकांनी त्याचे राज्य बुडवले त्यांच्या भाषेत. आणि समोरच्या सर्बियाच्या काठावर ज्या सम्राटाने त्याला हरवले, त्या ट्रेजनचा शिलालेख आहे. धरणाच्या पाण्यात तो बुडाला असता, म्हणून खडकासकट कापून वर चढवला. एकोणीसशे वर्षे झाली, तरी दोघे अजून समोरासमोर उभे आहेत!

चेहरा पाहायला प्रवासी बोटी भरभरून येतात. पण तेथून नदीच्या वरच्या अंगाला, रुमानियाच्याच काठावर, दिविच नावाचे एक लहान गाव आहे, तेथे फारसे कोणी जात नाही. गावाजवळच्या टेकडीवर एका जुन्या दगडी किल्ल्याचे अवशेष आहेत. इ.स.पूर्व पहिल्या शतकात बांधलेला हा किल्ला डेसिबालसच्या लोकांचा. राज्यात पाण्यावाटे कोण येतो, कोण जातो यावर नजर ठेवणारे हे नाके. आज त्याच्या पायथ्याशी तलावाचे संथ पाणी आहे. त्या काळी या पाण्यापलीकडे रोमचे साम्राज्य सुरू होत असे. डेसिबालसचे सारे आयुष्य या एका सीमेभोवती फिरले.

त्याच्या प्रजेला रोमन लोक ‘डेशियन’ म्हणत आणि देशाला ‘डेशिया’. हा देश म्हणजे साधारण आजचा रुमानिया. कार्पेथियन पर्वताच्या रांगा, दाट जंगले, आणि डोंगरांच्या पोटात सोने, चांदी, लोखंड. डेशियन सरदार डोक्यावर लोकरी टोपी घालत. सामान्य लोक केस लांब वाढवून उघड्या डोक्याने राहत. त्यांचे निशाण मोठे गमतीचे होते. काठीच्या टोकाला धातूचे लांडग्याचे मुंडके, जबडा उघडा, मागे कापडाचे सापासारखे शेपूट. घोडेस्वार दौडू लागला की त्यात वारा भरून ते हुंकार देई. त्यांचे खास हत्यार म्हणजे आत धार असलेली वाकडी तलवार. कोयत्याची लांबलचक, जीवघेणी बहीणच म्हणा. ती डोक्यावर बसली की शिरस्त्राण फुटे, म्हणून रोमन सैनिकांना आपल्या शिरस्त्राणांवर आडव्या लोखंडी पट्ट्या बसवून घ्याव्या लागल्या.

ज्युलियस सीझरच्या काळी बुरेबिस्ता नावाच्या राजाने या लोकांना एकत्र आणले होते. सीझरचा खून झाला त्याच सुमारास, इ.स.पूर्व 44 च्या आसपास, बुरेबिस्ताचाही काटा काढण्यात आला आणि राज्याचे चारपाच तुकडे झाले. ते पुन्हा सांधले गेले डेसिबालसच्या हाताखाली.

डेसिबालसच्या जन्माची नोंद कोणी ठेवली नाही. डेशियन लोकांनी आपला इतिहास लिहिला नाही आणि रोमन लोकांनी तो लिहिला, तो आपल्या सोयीने. स्वतः ट्रेजनने या युद्धावर पुस्तक लिहिले होते, त्यातले एकच वाक्य आज उरले आहे, तेही व्याकरणाच्या एका ग्रंथात उदाहरण म्हणून दिले गेले म्हणून. ट्रेजनचा वैद्य क्रिटो याने लिहिलेला इतिहासही हरवला. शंभरेक वर्षांनी डियो कॅशियस नावाच्या रोमन इतिहासकाराने जे लिहिले, त्याच्या या भागाचा केवळ संक्षेप आपल्या हाती आहे. या तुकड्यांतून आपल्याला राजा ओळखायचा आहे. म्हणजे फिर्यादीचीच साक्ष वाचून आरोपी कसा होता ते ठरवायचे! पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. डियोने शत्रूचे वर्णन करताना हात आखडता घेतला नाही. कधी चाल करावी आणि कधी मागे सरावे, दबा कसा धरावा आणि उघड्या मैदानात कसे लढावे, विजयाचा फायदा कसा उठवावा आणि पराभव कसा निभावून न्यावा, हे सारे त्याला येत होते, असे डियो सांगतो. शेवटचा गुण सर्वांत दुर्मिळ, असे मला वाटते.

इ.स. 85 च्या सुमारास डेशियन फौज डॅन्यूब ओलांडून पलीकडच्या मोएशिया या रोमन प्रांतात घुसली आणि तिने तेथील सुभेदाराला ठार केले. त्या वेळी डेशियाचा राजा दुरास होता. रोमचा सूड येणार हे दिसत होते. अशा वेळी दुरासने आपण होऊन गादी सोडली आणि ती डेसिबालसला दिली. सिंहासनासाठी भावाभावांचे गळे कापणाऱ्या त्या युगात, लायक माणूस पाहून कोणी बाजूला झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुरासचे नाव मात्र कोणाला ठाऊक नसते.

रोमचा सम्राट डोमिशियन याने आपल्या अंगरक्षक दलाचा प्रमुख फुस्कस याला मोठ्या सैन्यासह पाठवले. त्याने होड्यांचा पूल बांधून नदी ओलांडली, डोंगरात शिरला आणि फौजेसह कापला गेला. रोमन निशाणे डेशियन लोकांच्या हाती पडली. ही नामुष्की रोम विसरले नाही.

इ.स. 88 मध्ये दुसरा सेनापती ज्युलियानस आला. टापे नावाच्या खिंडीत त्याने डेशियन सैन्याला हरवले. राजाचा उजवा हात वेझिनास प्रेतांमध्ये मेल्याचे सोंग घेऊन पडला आणि रात्री निसटला. आता रोमन सैन्य राजधानीवर येणार! हाताशी माणसे कमी. तेव्हा डेसिबालसने झाडे तोडायला लावली आणि उरलेल्या बुंध्यांवर चिलखते चढवली. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, फौज उभी आहे. रोमन सैन्य ती ‘फौज’ पाहून मागे फिरले, असे डियोनेच लिहून ठेवले आहे. आपल्याच लोकांची फजिती त्याने लपवली नाही, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत.

पुढच्याच वर्षी, 89 मध्ये, डोमिशियनला दुसऱ्या आघाडीवर मार्कोमन्नी नावाच्या जमातीकडून मार बसला आणि त्याला डेशियाशी तह करावा लागला. तहाच्या वेळी डेसिबालस स्वतः गेलाच नाही. त्याने दिएगिस नावाच्या आपल्या माणसाला पाठवले. डोमिशियनने त्याच्याच मस्तकावर राजमुकुट ठेवला आणि रोमला परत येऊन विजयाची मिरवणूक काढली. पण प्रत्यक्षात दरवर्षी ठरावीक रक्कम रोमकडून डेशियाला जाऊ लागली. पैशांबरोबर डेसिबालसने आणखी एक गोष्ट मागून घेतली होती, ती म्हणजे रोमन कारागीर आणि युद्धयंत्रे बनवणारे तंत्रज्ञ. पैसा खर्च होतो, विद्या घरात राहते. हे त्याने ओळखले होते.

या शांततेच्या काळात त्याने आपले डोंगरी किल्ले मजबूत केले. राजधानी सार्मिझेगेतुसा ओराश्तिए डोंगरात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंचावर होती. भोवती इतर किल्ल्यांचे कडे. त्यांतील सहा ठिकाणे 1999 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. यांच्या भिंती बांधण्याची रीत पाहण्यासारखी आहे. घडीव दगडांच्या दोन भिंती समांतर उभ्या करायच्या, मधल्या पोकळीत माती आणि दगडगोटे ठासायचे आणि दोन्ही भिंती आडव्या लाकडी तुळयांनी एकमेकींना बांधायच्या. तुळईचे टोक बसावे म्हणून दगडात खाच कोरलेली असे. लाकूड केव्हाच कुजून गेले, खाचा आजही दिसतात. राजधानीत लाकडी आणि दगडी खांबांची गोल देवळे होती, आणि सूर्यासारखी किरणे दाखवणारी एक मोठी दगडी चकती होती.

इ.स. 98 मध्ये ट्रेजन सम्राट झाला. तो सैनिकी पेशाचा, स्पेनमध्ये जन्मलेला. दरसाल शत्रूला पैसे देणे त्याला मान्य नव्हते, आणि डेशियाचे सोनेही त्याला दिसत असणार. 101 साली त्याने नदी ओलांडली. तो डेशियन छावणीजवळ आला तेव्हा डेसिबालसच्या मित्र जमातींनी त्याच्याकडे एक भलेमोठे अळंबे पाठवले! त्यावर लॅटिनमध्ये, परत जा आणि शांतता ठेवा, असा सल्ला लिहिला होता. ट्रेजनने तो अर्थातच मानला नाही. पुन्हा टापेच्याच खिंडीत लढाई झाली. ती इतकी घनघोर होती की जखमींना बांधायला पट्ट्या पुरेनात आणि सम्राटाने स्वतःची वस्त्रे फाडून दिली.

त्या हिवाळ्यात डेसिबालसने उलट डाव टाकला. त्याच्या सैन्याने दूर पूर्वेकडे गोठलेल्या नदीपलीकडे मोएशियावर हल्ला केला. तो फसला, पण या धामधुमीत लाबेरियस या रोमन सुभेदाराचा कालिड्रोमस नावाचा गुलाम डेशियनांच्या हाती लागला. डेसिबालसने तो भेट म्हणून रोमच्या दुसऱ्या मोठ्या शत्रूकडे, पार्थियाच्या राजाकडे पाठवून दिला. हा कालिड्रोमस पुढे निसटून आशिया मायनरमध्ये आला, एका भटारखान्यात कामाला लागला आणि मालकांशी भांडण झाल्यावर त्याने ही हकीकत सांगितली. तेथील सुभेदार प्लिनी याने ती पत्रातून ट्रेजनला कळवली. एका भांडणामुळे आपल्याला कळते की डोंगरातला हा राजा इराणपर्यंत सूत जुळवत होता.

परंतु ट्रेजन एकेक किल्ला घेत वर चढत गेला. फुस्कसच्या वेळी गेलेली निशाणे त्याला सापडली. त्याच लाबेरियसने एक ठाणे जिंकले, तेव्हा डेसिबालसची बहीण कैद झाली. तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. 102 मध्ये डेसिबालसने शरणागती पत्करली. शस्त्रे आणि युद्धयंत्रे द्यायची, रोमन तंत्रज्ञ परत करायचे, तट पाडायचे, जिंकलेला मुलूख सोडायचा. तो ट्रेजनपुढे जमिनीवर लोटांगण घालून उठला.

मग ट्रेजनने डॅन्यूबवर कायमचा पूल बांधायला घेतला. दमास्कसच्या अपोलोडोरस या स्थपतीने 103 ते 105 या काळात तो पुरा केला. नदीच्या पात्रात दगडी खांब, वर लाकडी कमानी, लांबी अकराशे मीटरहून जास्त. त्याच्या टोकांचे खांब आजही दोन्ही काठांवर दिसतात. पूल पाहून डेसिबालसला काय वाटले असेल? पाहुणा परत जायला आलेला नाही, हे त्याने ओळखले असणार.

त्याने पुन्हा शस्त्रे जमवली, किल्ले दुरुस्त केले, शेजाऱ्यांना साद घातली. 105 मध्ये युद्ध पेटले. या वेळी त्याने काही गोष्टी केल्या, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रोमन सैन्यातून फुटलेल्या माणसांना त्याने ट्रेजनच्या खुनासाठी पाठवले. तो कट फसला. मग लोंगिनस नावाच्या रोमन सेनानीला बोलणीच्या निमित्ताने बोलावून कैद केले आणि त्याच्या मोबदल्यात डॅन्यूबपर्यंतचा मुलूख मागितला. ट्रेजनने असे मोघम उत्तर दिले की त्याला लोंगिनस फार प्रिय आहे असेही वाटू नये आणि अगदी नकोसा आहे असेही वाटू नये. लोंगिनसने आपल्या सेवकाकडून गुपचूप विष मिळवले, त्याला निरोप्या म्हणून ट्रेजनकडे धाडून दिले आणि रात्री ते विष घेतले. ओलीसच उरला नाही! डेसिबालसने तो सेवक परत मागितला, बदल्यात लोंगिनसचे शव आणि दहा कैदी देऊ केले. ट्रेजनने सेवक दिला नाही. या प्रसंगात मला दोन्ही बाजूंपेक्षा लोंगिनस मोठा वाटतो.

106 मध्ये सार्मिझेगेतुसा पडले. डेसिबालसने आपला खजिना एका विलक्षण जागी लपवला होता. सार्गेशिया नदीचा प्रवाह कैद्यांकडून वळवायचा, पात्रात खड्डा खणून सोनेचांदी ठेवायची, वर दगड रचायचे आणि नदी पुन्हा मूळ जागी आणायची. गुपित फुटू नये म्हणून त्या कैद्यांना त्याने ठार केले. तरी गुपित फुटले. त्याचा सोबती बिसिलिस पकडला गेला आणि त्याने जागा दाखवली. त्या कैद्यांची आठवण ठेवल्याशिवाय डेसिबालसचे चरित्र पुरे होत नाही, मग कड्यावरचा चेहरा कितीही भव्य असो.

राजा मोजक्या सोबत्यांसह जंगलात निघाला. रोमन घोडेस्वारांनी त्याला गाठले. जिवंत पकडला असता तर साखळदंडात रोमच्या रस्त्यांतून फिरवले असते. त्याने आपल्या वाकड्या सुरीने स्वतःचा गळा चिरला. त्याचे शिर ट्रेजनकडे नेले आणि पुढे रोममध्ये गुन्हेगारांची प्रेते टाकण्याच्या पायऱ्यांवर टाकले.

ते शिर नेणारा स्वार कोण, हे 1965 साली कळले! ग्रीसमध्ये फिलिपी या प्राचीन शहराजवळ एक थडग्याचा दगड मिळाला. टायबेरियस क्लॉडियस मॅक्सिमस या सैनिकाने तो जिवंतपणीच करवून घेतला होता. आपली सारी नोकरी आणि सारी पदके त्यावर लिहिली आणि डेसिबालसला धरल्याचे व त्याचे शिर सम्राटाकडे नेल्याचे नोंदवले. वर चित्रही कोरवले आहे, घोडा उधळलेला, समोर कोसळणारा राजा. आयुष्यभराच्या चाकरीतला तो एक क्षण त्याला दगडावर हवा होता.

रोममध्ये 113 साली उभारलेल्या ट्रेजनच्या स्तंभावरही हाच क्षण आहे. स्तंभाची उंची सुमारे 38 मीटर. त्याच्याभोवती खालून वर वेढे घेत गेलेल्या पट्टीत दोन्ही युद्धांची कथा अडीच हजारांहून जास्त आकृत्यांनी सांगितली आहे. शेवटाकडे झाडाखाली गुडघ्यावर बसलेला डेसिबालस आणि त्याच्याकडे हात पुढे करणारा स्वार. त्याआधी एका प्रसंगात डेशियन लोक एका मोठ्या भांड्यातून काहीतरी घेताना दिसतात. विष, की शेवटचे पाणी? विद्वानांचे एकमत नाही. हरलेल्यांचे चेहरे कोरणाऱ्या त्या अनामिक रोमन कारागिरांनी त्यांना हास्यास्पद केले नाही. ते दमलेले आहेत, घाबरलेले आहेत, शूर आहेत.

डेशियाच्या सोन्यातून रोममध्ये मोठमोठी बांधकामे झाली. विजयोत्सवात 123 दिवस खेळ चालले, त्यांत दहा हजार माणसे झुंजली आणि अकरा हजार पशू मारले गेले, असे डियो सांगतो. आणि येथे आपल्याला थबकावे लागते. त्या वेळी रोमला आलेल्या वकिलांमध्ये हिंदुस्थानातून आलेले वकीलही होते, असे तोच लिहितो. ते कोणत्या राजाचे, हे त्याने दिले नाही. पैठणचे सातवाहन आणि पश्चिमेचे क्षत्रप यांच्या झगड्याचा तो काळ, भडोच आणि कल्याण या बंदरांची नावे रोमन व्यापाऱ्यांच्या तोंडी असण्याचा. डेशिया बुडाल्याची वार्ता आपल्या किनाऱ्यापर्यंत आली असणार, ती या वकिलांबरोबर.

डेशिया सुमारे 165 वर्षे रोमचा प्रांत राहिला. इ.स. 271 च्या सुमारास ऑरेलियन सम्राटाने तेथून सैन्य काढून घेतले. पुलाच्या लाकडी कमानी तर ट्रेजननंतर आलेल्या हेड्रियननेच उतरवल्या होत्या. पण तेथील लोकांच्या तोंडी लॅटिनपासून झालेली भाषा राहिली आणि देशाच्या नावातही रोम राहिले. त्या देशात आज मुलांना ट्रायान हे नाव ठेवतात आणि डेचेबाल हेही ठेवतात.

सार्मिझेगेतुसाच्या परिसरातून 1999 नंतर चोरट्यांनी सोन्याची सर्पाकार कडी खणून परदेशात विकली. रुमानिया सरकारने त्यांतील तेरा परत मिळवली आणि ती बुखारेस्टच्या संग्रहालयात ठेवली होती. मला मात्र त्याहून एक मातीचे भांडे मोलाचे वाटते. 1954 साली राजधानीच्या उत्खननात ते मोठे भांडे सापडले. भाजण्यापूर्वी ओल्या मातीवर त्याच्यावर ठसे उठवले आहेत. त्यांवर डेसिबालस आणि स्कोरिलो ही दोन नावे आहेत. काही जण म्हणतात, अर्थ असा की स्कोरिलोचा मुलगा डेसिबालस. काही म्हणतात, स्कोरिलो हा कुंभार असावा. वाद मिटलेला नाही. पण त्याच्या स्वतःच्या घरातून, शत्रूच्या हातून न आलेले, त्याचे नाव एवढ्याच एका भांड्यावर आहे.

हरलेल्या डेशियातून रोमने आपल्या सैन्यासाठी तरुण भरती केले. त्यांची एक पलटण पार ब्रिटनमध्ये, हेड्रियनच्या भिंतीवर, आज बर्डोस्वाल्ड म्हणतात त्या ठाण्यावर ठेवली होती. त्यांनी कोरलेल्या एका दगडावर ती वाकडी डेशियन तलवार आहे. युद्ध संपून शंभर वर्षे झाली होती, त्यांनी आपला देश बहुधा पाहिलाही नसेल. त्याच ठाण्यावर एका थडग्याचा दगड मिळाला आहे. त्यावर दहा वर्षांच्या एका मुलाचे नाव आहे, आणि त्याच्याबरोबर काही दिवसच जगलेल्या एका बाळाचे. बाळाचे नाव ठेवले होते डेसिबालस.